बागेची खतावणी

व्यापारी घरात 'खत' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. जुन्या पेटीत जपून ठेवलेले खरेदीखत किंवा कर्जखत हा एक अर्थ, आणि झाडाच्या आळ्यात घालावयाचे खत हा दुसरा. पहिल्या खताचा सांभाळ कसा करावा, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र आपला नेहमीचा व्यवहारीपणा कोठे जातो, कोण जाणे! दुकानासाठी नवा माल मागवताना खप, जागा आणि उधारी यांचा दहा वेळा विचार करणारा गृहस्थ पहिला पाऊस पडताच रोपवाटिकेत जातो आणि एका फेरीत पंधरा-वीस रोपे घेऊन येतो. पुढच्या चैत्रापर्यंत त्यांतील निम्म्या कुंड्यांत वाळलेल्या काड्या उरतात.

याचे कारण आवड कमी पडली, असे नसते. रोपे घेताना एकच प्रश्न विचारला गेलेला असतो, 'कोणते झाड?' वास्तविक घरच्या बागेचा पहिला प्रश्न 'किती झाडे?' हा असावयास हवा. परिग्रहाला परिमाण असावे, हा विचार आपल्याला नवा नाही. तो कुंड्यांनाही लागू करावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. त्यामागे एक गंभीर कारण आहे. जमिनीत रुजलेले झाड मुळे लांबवून पाणी शोधू शकते. कुंडीतील झाडाला तेवढेही स्वातंत्र्य नाही. ते सर्वस्वी आपले आश्रित असते. वनस्पतीला जीव मानणाऱ्या घराने आपल्याला पेलतील तेवढेच आश्रित घरी आणावेत.

भांडवल तीन प्रकारचे

कर्जाचा अर्ज आला की बँकेत प्रथम अर्जदाराचे स्वतःचे भांडवल पाहिले जाते. बागेचे भांडवल पैशात मोजता येत नाही. ते ऊन, पाणी आणि वेळ या तीन रूपांत असते.

उन्हाची मोजणी सर्वांत सोपी असूनही तीच बहुधा राहून जाते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ पासून दर दोन तासांनी गच्चीवर किंवा परसात जावे आणि ऊन कोठे आहे, त्या जागेवर खडूने खूण करावी. ज्या जागी रोज ६ तास ऊन मिळते, तेथे भेंडी, मिरची, टोमॅटो, दोडका, लिंबू येईल. ३ ते ४ तासांच्या जागी पालक, कोथिंबीर, पुदिना तग धरतील. त्याहून कमी उन्हाच्या जागी फळभाजीची अपेक्षा धरू नये. तेथे मनीप्लांट किंवा नेचे ठेवावेत.

वर्षभरात ऊन जागा बदलते, हेही ध्यानात असावे. सांगली-कोल्हापूरकडे डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो. गच्चीच्या दक्षिण बाजूस ३ फुटी कठडा असेल, तर भर दुपारीही त्याची सावली सुमारे अडीच फूट आत येते. कठड्याला टेकून ठेवलेल्या कुंड्या म्हणूनच थंडीत खुरटतात. याउलट जून-जुलैत सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या भिंतीवरही ऊन पडते. दक्षिणेकडील कुंड्या विटांच्या ओट्यावर उंच ठेवल्या किंवा कठड्यापासून तीन फूट आत घेतल्या की हा प्रश्न सुटतो. उंच ओट्याचा आणखी एक लाभ असा की घरातील वडीलधाऱ्यांना वाकावे लागत नाही.

पाण्याचा हिशेब पावसाळ्यावरून न करता एप्रिलवरून करावा. १२ इंची कुंडीतील वाढलेल्या झाडाला कडक उन्हाळ्यात रोज साधारण दीड ते दोन लिटर पाणी लागते. वीस कुंड्या म्हणजे रोज ३० ते ४० लिटर. आपल्याकडे एक दिवसाआड नळ येत असेल, तर एवढे पाणी कोठून आणणार, हे जूनमध्येच ठरले पाहिजे. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी झाडांना चालते. साबणाचे चालत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, म्हणून तेच पाणी कुंड्यांना रोज घालू नये. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला, तर तो क्षारांचाच असतो.

तिसरे भांडवल वेळेचे. दहा कुंड्यांना पाणी घालणे, पाने पाहणे, पिकली पाने काढणे यास रोज पंधरा-वीस मिनिटे धरावीत. प्रश्न मिनिटांचा नसून माणसाचा आहे. दिवाळीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, वैशाखात लग्नसराई असते, मध्येच आठ दिवसांची तीर्थयात्रा ठरते. या दिवसांत झारी कोणाच्या हाती असेल, त्या व्यक्तीचे नाव ठरलेले असावे. 'कोणीतरी घालेल' या भरवशावर दुकान चालत नाही आणि बागही चालत नाही.

या तिहींत जे सर्वांत कमी असेल, त्यावरून कुंड्यांची संख्या ठरवावी. पहिल्या वर्षी दहा पुरेत. ती संख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. एक झाड कोणाला दिले किंवा गेले, तरच नवे आणावे. हल्ली पारणे, वाढदिवस, लग्न अशा प्रसंगी पाहुण्यांना रोपे देण्याची प्रथा पडली आहे. हेतू उत्तम आहे. परंतु रोप देणे म्हणजे समोरच्याच्या हाती एक जबाबदारी देणे आहे. ज्याच्या घरी ऊनच नाही, त्याला गुलाब देऊ नये. आधी विचारावे, मग द्यावे.

गच्चीचा भार

व्यापारी पेठांतील आपली बहुतेक घरे दुकानावर मजले चढवलेली असतात. त्यांची बाग गच्चीवरच होणार. तेथे वजनाचा विचार टाळता येत नाही. ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि १ फूट खोल वाफ्यात सुमारे २२५ लिटर माती बसते. साधी माती भिजली की त्या एका वाफ्याचे वजन ३५० ते ४०० किलो भरते, म्हणजे सिमेंटची सात-आठ पोती एकाच जागी कायमची ठेवल्यासारखे. वाफे मधल्या स्लॅबवर न मांडता खांब आणि तुळया जेथे आहेत, त्या कडेने मांडावेत. जुन्या इमारतीत आधी अभियंत्यास दाखवावे. कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात. खालून पाणी वाहून गेले की गळतीचा धोका कमी होतो आणि कुंडीखाली दडून बसणाऱ्या जीवांची अडचणही टळते.

माती, आणि विचारून घ्यावयाचे खत

आपल्या भागातील काळी माती शेतात सोने पिकवते. कुंडीत मात्र ती एकटी चालत नाही. भिजली की चिकट होते, वाळली की आकसून कुंडीच्या कडा सोडते आणि घातलेले पाणी कडेने निसटून जाते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, हे मिश्रण हलके राहते आणि निचराही ठीक होतो. भुशाची ५ किलोची वीट भिजवल्यावर सुमारे ७० लिटर होते, हे घेताना लक्षात ठेवावे. नाहीतर गरजेपेक्षा तिप्पट घेतली जाते. कुंडीच्या तळाचे छिद्र खापरीच्या तुकड्याने अलगद झाकावे, बुजवू नये.

येथे आपल्या वाचकांसाठी एक विशेष सूचना आहे. रोपवाटिकेत मिळणाऱ्या तयार मिश्रणांत आणि गुलाबाच्या 'खास' खतांत हाडांचा चुरा पुष्कळदा घातलेला असतो. पिशवीवर तो 'बोनमील' या नावाने लिहिलेला असतो, किंवा सुट्या मिश्रणावर काहीच लिहिलेले नसते. रक्तापासून आणि मासळीपासून केलेली खतेही बाजारात आहेत. ज्या घरात औषधाच्या कॅप्सूलचे आवरण कशाचे आहे हे विचारले जाते, त्या घराने खताची पिशवीही वाचावी आणि दुकानदाराला स्पष्ट विचारावे. शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी निंबोळी पेंड एवढ्यावर घरची बाग उत्तम चालते.

ओल्या कचऱ्याचे खत घरी करावे की नाही, याबद्दल अनेकांच्या मनात संकोच असतो, कारण ओल्या कचऱ्यात अळ्या होतात. संकोच असेल, तर वाळलेल्या पानांचे खत करावे. जाळीदार पोत्यात पाने भरून, अधूनमधून पाणी शिंपडून पोते सावलीत ठेवले, तर सहा ते नऊ महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते. त्याला वास येत नाही आणि माश्याही लागत नाहीत. लागतो तो धीर.

काय लावावे

कंदमुळे आपल्या बागेत येत नाहीत, त्यामुळे मुळा, गाजर, बीट, कांदा, लसूण हे प्रकरण आधीच मिटले. अनेक घरांत बहुबीज म्हणून वांगे आणि उदुंबरवर्गातील म्हणून अंजीर वर्ज्य असते. उरलेली यादी काही लहान नाही. वेलवर्गात दोडका, घोसाळे, कारले, तोंडली, काकडी; झुडपांत भेंडी, गवार, मिरची; शेंगांत वाल, घेवडा, चवळी; आणि कायमच्या झाडांत कढीपत्ता, कागदी लिंबू, डाळिंब. गवती चहा, पुदिना, तुळस यांना थोड्या कष्टांत पुष्कळ मिळते. पूजेला फुले वाहणाऱ्या घरांसाठी मोगरा, तगर, जास्वंद, अनंत आहेत.

लिंबाचे रोप कलमी घ्यावे; बियांपासून केलेले रोप फळाला फार वर्षे लावते. त्यास किमान १८ इंची कुंडी हवी. शेवगा परसात लावावा, पण भिंतीपासून दूर. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. घरात लहान मुले असतील, तर कण्हेर लावू नये. लाल असो वा पिवळी, तिचे सर्व भाग विषारी असतात.

चातुर्मासाशी जुळणारे वेळापत्रक

आपले पंचांग आणि बागेचे पंचांग एकमेकांस किती अनुकूल आहे, हे पाहिले की आश्चर्य वाटते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर, आषाढी चतुर्दशीच्या आत, कायमची झाडे लावून घ्यावीत आणि भेंडी, गवार, चवळी, दोडका यांच्या बिया टोकाव्यात. त्यानंतर चार महिने माती उकरण्याचे काम ठेवू नये. या काळात जमिनीत आणि जमिनीवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती सर्वाधिक असते. शिवाय ओल्या मातीत खुरपे चालवले, तर ती दाबली जाऊन मुळांचा श्वास कोंडतो. तेव्हा शास्त्राची आज्ञा आणि मुळांची सोय एकच आहे. भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत, दोडका सुमारे दोन महिन्यांत सुरू होतो. पालेभाज्या आपण चातुर्मासात खात नाही, आणि त्या या काळात लावूही नयेत. पावसाच्या माऱ्याने त्या चिखलाने माखतात आणि अळ्याही तेव्हाच फार.

कार्तिक पौर्णिमेनंतर पालेभाज्यांचा खरा हंगाम सुरू होतो. मेथी २५ ते ३० दिवसांत, पालक ३५ ते ४० दिवसांत निघतो. सगळे बी एकदम न पेरता दर दहा दिवसांनी थोडे पेरावे, म्हणजे एकाच आठवड्यात ढीग आणि नंतर उपास, असे होत नाही. टोमॅटो आणि वाल याच काळात लावावेत. जानेवारीअखेर मोगऱ्याची छाटणी करून खत घालावे. मार्चपासून कळ्या येतात. फेब्रुवारीत गरजेप्रमाणे कुंड्या बदलाव्यात. मार्च ते मे या काळात नवे काहीही आणू नये. कुंड्या एकमेकींच्या जवळ आणून त्यांवर हिरवी जाळी बांधावी, मातीवर वाळक्या पानांचे दोन इंच आच्छादन घालावे आणि जे आहे ते जगवावे.

पाणी सकाळी, झाडाच्या बुडाशी द्यावे. पाने रात्रभर ओली राहिली की बुरशी येते. सूर्यास्तानंतर बागेत काम करू नये, हा आपल्या घरांतील दंडक येथेही उपयोगीच ठरतो. पाणी देण्यापूर्वी बोट दोन इंच मातीत घालून पाहावे. ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडीतील झाडे तहानेने जातात, त्याहून अधिक अतिपाण्याने जातात. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात. साचलेल्या पाण्यात डासांची अळी आठवडा-दहा दिवसांत डास होते. अळ्या झाल्यावर पाणी ओतण्यापेक्षा पाणी साचूच न देणे बरे.

कीड : खरी परीक्षा

आता अशा प्रश्नाकडे वळू, जो आपल्या घरांत हमखास निघतो आणि ज्याचे उत्तर बहुधा टाळले जाते. झाडावर मावा आला, अळी आली. मग काय करावे?

प्रथम एक गैरसमज दूर व्हावा. 'सेंद्रिय' म्हणजे अहिंसक नव्हे. साबणाचे पाणी माव्याचे कोवळे शरीर कोरडे पाडून त्याला मारते. कडुनिंबाच्या तेलाने कीटकाचे खाणे आणि कात टाकणे थांबते. तो सावकाश मरतो. पिवळ्या चिकट पट्ट्यांवर पांढऱ्या माशीबरोबर निरपराध कीटकही चिकटतात. रासायनिक विषापेक्षा हे उपाय माणसाला कमी अपायकारक आहेत, हे खरे. पण किडीच्या दृष्टीने फरक फारसा नाही. फवाऱ्याची वेळ आली की अहिंसेचा मार्ग जवळजवळ संपलेला असतो. म्हणून जी काही यतना पाळावयाची, ती फवाऱ्याच्या आधी पाळावी लागते. सुदैवाने घरच्या बागेत तिला भरपूर वाव आहे.

मावा कोवळ्या, रसदार शेंड्यांवर येतो आणि असे शेंडे अतिखताने फुटतात. खत कमी घातले की माव्याचे निमंत्रणच रद्द होते. कुंड्या दाटीने ठेवल्या की वारा खेळत नाही आणि पिठ्या ढेकूण एका झाडावरून दुसऱ्यावर सहज जातो. उन्हाळा सोडला, तर दोन कुंड्यांत वीतभर अंतर असावे. बी उगवताच वाफ्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून बसवले, तर अंडी घालणारी माशी आणि पतंग आतच येत नाहीत. दोडका, कारले, काकडी यांना फळ धरताच कागदी किंवा कापडी पिशवी बांधावी. फळमाशी सालीखाली अंडी घालते आणि अळी आतच वाढते. भाजी चिरताना अळी निघाली की गृहिणीच्या जिवाला जो क्लेश होतो, तो या एका पिशवीने टळतो. मात्र वेलीला फुले येऊ लागली की जाळी काढावी, कारण मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही. या एका गोष्टीत विषाचा सारा तोटा दिसून येतो: विषाने कीड जाते, मधमाशीही जाते, आणि दोडकाही जातो.

एवढे करूनही काही जीव येतीलच. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळते, ती पुढे हिरवी होते. ते लिंबाच्या फुलपाखराचे बाळपण होय. ती काही आठवडे पाने खाते आणि निघून जाते. झाड चांगले वाढलेले असेल, तर त्याला पुन्हा पालवी फुटते. रोप लहान असेल, तर अळी पानासकट उचलून परसातील मोठ्या लिंबावर किंवा बेलावर ठेवावी. माव्यावर ठिपक्यांचे लाल-नारिंगी भुंगेरे आले, तर ते आणि त्यांची पिल्ले मावा खातात. तो निसर्गाचा आपसातला व्यवहार आहे, आपण त्यात पडू नये. मुंग्या मात्र माव्याच्या गोड स्रावासाठी त्याचे रक्षण करतात, म्हणून शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली की ती फांदी आधी पाहावी. फार लागण झालेला शेंडा कापून एखाद्या झुडपाच्या बुडाशी अलगद ठेवणे हाही एक मार्ग आहे.

याही पलीकडे काय करावे, याची मर्यादा प्रत्येक घराने आपापल्या श्रद्धेप्रमाणे आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवावी. इतके मात्र निश्चित की दहा कुंड्यांच्या बागेत रोज प्रत्येक पान पाहता येते आणि पहिल्याच दिवशी मावा दिसतो. चाळीस कुंड्यांच्या बागेत तो दिसतो तेव्हा फवाऱ्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. परिमाण आणि अहिंसा यांचा संबंध असा रोजच्या व्यवहारातला आहे.

नोंद

बागेसाठी एक वही घालावी. प्रत्येक झाडास एक पान: कधी लावले, कोठे ठेवले, खत केव्हा, फूल-फळ केव्हा, काय बिघडले. रुपयांचा ताळेबंदही मांडावा, पण त्यातून नफा शोधू नये. पहिल्या वर्षी कुंड्या, माती, जाळी यांचा खर्च भाजीच्या किमतीहून जास्तच भरेल. जमेच्या बाजूस ज्या नोंदी येतात, त्यांना बाजारभाव नसतो. निवृत्तीनंतर गल्ला मुलांच्या हाती देऊन घरी बसलेल्या आजोबांना सकाळी उठण्यास कारण मिळते. नातवंडांना भेंडीचे फूल कसे असते, ते कळते. कोणती भाजी कोणत्या हातांनी, कोणत्या पाण्यावर वाढली, याची शंका उरत नाही.

दीपावलीला वीरनिर्वाणाचे स्मरण होते आणि पाडव्याला नव्या वह्या सुरू होतात. पंधरा दिवसांत चातुर्मासही संपतो, हवा थंड होऊ लागते, आणि मेथी-पालक पेरण्याची वेळ येते. बाग सुरू करण्यास याहून सोपा मुहूर्त नाही. यंदा वह्यांच्या गठ्ठ्यात आणखी एक पातळ वही असू द्यावी, तिच्या पहिल्या पानावर कुंड्यांची संख्या लिहावी, आणि पुढे वर्षभर ती ओलांडू नये.